झारी नुसती तिरकी करा

प्रमुख पाहुणा म्हणून माझी पात्रता दोनच गोष्टींची: कोल्हापूरजवळच्या उचगावातल्या एका छोट्या कॉलेजापासून मी हाकेच्या अंतरावर राहतो आणि मानधनाचा विषय काढत नाही. फोनवर प्राध्यापक म्हणतात, "सर, तुमच्यासारखा वक्ता जवळपास नाही." त्यांचा भर 'जवळपास'वर असतो, माझा 'तुमच्यासारखा'वर.

परिचय मीच लिहून पाठवतो. तृतीयपुरुषी, 'सुप्रसिद्ध'सकट. तो वाचला जात असताना मात्र मान खाली घालून असा संकोचतो, की पहिल्या रांगेतल्या मॅडमनाही वाटावं, किती साधा माणूस!

दीपप्रज्वलन आता मागे पडलंय. पर्यावरणपूरक उद्घाटन, म्हणजे रोपाला पाणी. हे रोप म्हणजे एक क्रोटन. वाङ्मय मंडळ असो, विवेक वाहिनी असो की अग्रणी महाविद्यालय योजनेतली कार्यशाळा, कुंडी तीच. पंधरवड्याचे कार्यक्रम लागले की त्याला दिवसातून दोनदा महापूर आणि मे महिन्यात दुष्काळ. एवढी व्याख्यानं ऐकलेला दुसरा जीव त्या कॉलेजात नसेल. पानं गळतात ती पाण्यानं की आमच्यामुळं, हे वनस्पतिशास्त्रवाल्यांनी बघावं. मागच्या खेपेला मी मोठ्या भक्तिभावानं झारी उचलली, तर शिपाईमामा कानाशी येऊन म्हणाले, "घालू नका सर, मुळं कुजाय लागल्यात. झारी नुसती तिरकी करा, फोटोपुरती." मी तिरकी केली. फोटोत पाणी पडतंय असंच वाटतं. माझा चेहराच तसा आहे.

फोटो महत्त्वाचा. १९९४ साली कॉलेजांचं मूल्यमापन करणारी नॅक आली आणि हळूहळू व्याख्यानापेक्षा व्याख्यानाचा अहवाल मोठा झाला. आता फोटो जिओटॅग लागतो. बॅनरवर माझ्या आडनावाची वेलांटी चुकलेली असते, पण खाली अक्षांश-रेखांश दशांशापर्यंत बिनचूक.

मी भाषणाची सुरुवात न्यायमूर्ती रानड्यांपासून करतो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला त्यांनी १८७५ साली सुरू केली, हे सांगताना पुढची पायरी आपणच, असा माझा सूर लागतो. मग कोल्हापूरचा दाखला: कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांच्या १९८७च्या एका भाषणाचं 'शिवाजी कोण होता?' हे पुस्तक झालं आणि लाखावर प्रती खपल्या. माझ्या भाषणांचं आजवर झालं ते अहवालातलं एक वाक्य, 'मान्यवरांनी मौलिक मार्गदर्शन केले'. मार्गदर्शन मौलिकच असतं. भाषण व्हायच्या आधीपासून.

विषय 'युवकांपुढील आव्हाने'. वेळेचं नियोजन या मुद्द्यावर मी हातखंडा पंचवीस मिनिटं घेतो. झारी तिरकी केली त्याच दिवशी मागच्या रांगेतली एक मुलगी सारखी घड्याळाकडं बघत होती. मला राग आला. आभाराआधी ती उठली. "सर, कॉलेज सुटलं की मी गांधीनगरला कापडाच्या दुकानात जातो. रात्रीपर्यंत उभंच. बी.ए. झाल्यावर तिथंच पगार वाढतो का दुसरं काय बघावं लागतंय?"

सभागृहात पहिल्यांदाच सगळी जागी झाली. माझ्याकडं रानडे होते, पानसरे होते, उत्तर नव्हतं. तरी बोलता आलं असतं. दुकानदार किती देतो, सुट्टी असते का, मैत्रिणींपैकी अजून कोण जातं, हे तिलाच विचारता आलं असतं, आणि तिथून खरं व्याख्यान सुरू झालं असतं, तिचं. पण सूत्रसंचालकांनी 'वेळेअभावी' म्हटलं आणि आभार सुरू झाले. संस्थाचालकांपासून मंडपवाल्यापर्यंत आभारांना वेळ होता. पोरांना हजेरीच्या धाकानं आणून बसवायचं आणि त्यांनी तोंड उघडलं की घड्याळ बघायचं, याची मला चीड येते.

म्हणून या वर्षी फोन आला तेव्हा मी अट घातली: भाषण पंधरा मिनिटं, पुढचा तास मुलांचे प्रश्न.

"उत्तम कल्पना सर," प्राध्यापक म्हणाले, "पण अहवालाच्या नमुन्यात प्रश्नांचा रकानाच नाही. पाहुण्यांच्या अभिप्रायाचा आहे. तेवढा आत्ताच व्हॉट्सअ‍ॅप करता? कार्यक्रम कसा झाला ते."

कार्यक्रम पुढच्या गुरुवारी होता. मी लिहिलं, 'अत्यंत उद्बोधक.' मग वक्ता कोण होता ते आठवलं आणि 'अविस्मरणीय'ही जोडलं.