भाऊंचा ठोसा

सिल्वासाजवळच्या सामरवरणीतल्या जिममध्ये एक तरी भाऊ असतातच. मूळ जळगाव-धुळ्याकडचं, नोकरी धाग्याच्या कारखान्यात, हुद्दा शिफ्ट इन्चार्जचा. नाईट सुटली की घरी न जाता थेट केबल मशीनवर. घरी का जात नाहीत, ते वहिनींना विचारा.

डंबेल घेऊन ठोसे मारणारा पोरगा दिसला की भाऊ उठलेच. "अरे भो, डंबेल ओढतं खाली, ठोसा जातो पुढं. मग दमलं कोण? नुसता खांदा! केबल मागं ओढते, म्हणून ठोसा केबलवरच." अगदी खरं आहे. भाऊंचं सगळंच खरं असतं, तीच पंचाईत. पुली छातीच्या उंचीला. मशीनकडे पाठ. हँडल उजव्या हातात, तर डावा पाय पुढं. आधी मागची टाच उचलून पाऊल वळवायचं, मग कंबर, मग धड, सगळ्यात शेवटी हात. परत येताना सावकाश. "जोर टाचेतून निघतो, हात नुसता पोस्टमन."

एवढं सांगून भाऊ स्वतः उभे राहतात. पोराची पिन दहा किलोवर असते, ती पस्तिसावर जाते. टाच जमिनीला चिकटलेली, खांदा कानाला भिडलेला. रात्रभर धाग्याचा पीळ तपासणाऱ्या माणसाच्या कंबरेला मात्र पीळ पडत नाही. हात अर्धा पुढं जातो न जातो तोच केबल भाऊंना दोन पावलं मागं नेते आणि प्लेटा धाडकन आदळतात.

"बघितलं? असं करायचं नाही."

पोरगं हसलं की इतिहास निघतो. "2 ऑगस्ट 1954 ला पोर्तुगीजांच्या हातून सिल्वासा सोडवलं, माहीत आहे? सुधीर फडक्यांसारखा गाणारा माणूस त्या लढ्यात होता. आणि तुला पंधरा किलो जड?"

तेवढ्यात फोन वाजतो. साहेब! "जी सर, निकलाच सर!" मागची टाच उचलली जाते, पाऊल वळतं, कंबर फिरते, धड फिरतं आणि शेवटी हात दाराच्या कडीवर पोचतो. सगळं शिकवल्याबरहुकूम.

नवीन असाल तर भाऊंचं जरूर ऐका, फक्त त्यांच्याकडे बघू नका. आणि त्यांच्यानंतर मशीनवर गेलात, तर आधी पिन दहावर आणा.