पाडायचीच आहे की!

इमारतीत प्लंबर, गवंडी किंवा रंगारी शिरलेला दिसला की अप्पा त्याच्या आधी घरमालकाला जिन्यात गाठतात. "कशाला पैसे घालतोस रे? पाडायचीच आहे की आता." हा 'आता' त्यांच्या लेकीच्या पाचवीपासून चालू आहे. लेक सध्या स्वतःच्या मुलीच्या पाचवीच्या पालकसभेला जाते.

मुलुंड, डोंबिवली, पार्ले, नौपाडा किंवा कोथरूड, कुठलीही सत्तर-ऐंशीच्या दशकातली सोसायटी घ्या. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, जिन्याच्या कोपऱ्यात पंपाची खोली. तिथे अप्पा असतातच. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे भाऊ. निवृत्त असतात, पेन्शन बरी असते आणि रिडेव्हलपमेंटवर त्यांची श्रद्धा असते.

या श्रद्धेपायी त्यांचं घर वर्षानुवर्षं तात्पुरतं राहिलं आहे. बाथरूमच्या दाराची खालची फळी कुजली, तिथे पत्रा ठोकलाय. फ्लश दोरीने ओढतात. मोरीच्या नळाला सुतळी आणि सुतळीखाली बादली. हॉलच्या भिंतीला पोपडे आले तेव्हा त्यावर कॅलेंडर लावलं. ओल पसरली तसं शेजारी लेकीच्या लग्नाचा फोटो आला, मग निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ. आता पाहुण्यांना ती भिंत हौशी वाटते. काकूंनी कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा करू म्हटलं, तर "नव्या घरात सगळं मॉड्युलरच होणार आहे" हे ठरलेलं उत्तर. शेवटी एका दुपारी अप्पा बँकेत गेलेले पाहून काकूंनी भिशीच्या पैशांतून स्वयंपाकघरातला नळ बदलून घेतला. अप्पांना चार दिवसांनी कळलं, कारण ठिबकण्याचा आवाज नसल्यामुळे त्यांना झोप येईना.

पाण्याला मात्र रिडेव्हलपमेंटची काही पडलेली नसते. गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा भेगाळला की पावसाचं पाणी स्लॅबमध्ये उतरतं. आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की खालचं काँक्रीट ढकलून पाडते. मग छतातून उघड्या सळ्या दिसू लागतात. यावर उपाय म्हणजे सैल काँक्रीट काढायचं, सळई साफ करायची, खाली पोलादच उरलं नसेल तर नवी सळई जोडायची, त्यावर मसाला भरायचा आणि मुळात वरचं पाणी बंद करायचं. सोसायटीत सहसा नुसतं सिमेंट लिंपून वर चुना मारतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघालाच तर अप्पा उभे राहतात. "पाडायच्या इमारतीवर सहा लाख?" सभा माना डोलावते. जूनमध्ये ताडपत्री आणतात. ऑगस्टमध्ये ती उडते.

तिसऱ्या मजल्याच्या बाथरूममधून दुसऱ्या मजल्यावर गळतं तेव्हा अप्पांना उत्साह चढतो. खालच्या बाई वर जाऊन सांगतात. वरच्या वहिनी म्हणतात, "आमचं बाथरूम ठणठणीत कोरडं आहे, या ना बघा." बाथरूम वरून कोरडंच असतं, पाणी लादीखाली असतं. ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतून शहानिशा करता येते. उपविधींतही स्पष्ट आहे, आतल्या संडास-बाथरूमची गळती त्या फ्लॅटधारकाने दुरुस्त करायची, गच्ची आणि बाहेरची भिंत सोसायटीने. अप्पांना हे सगळं पाठ आहे. तरी दोन्हीकडचा चहा घेऊन दोन्हीकडे ते एकच निकाल देतात. तो कोणता, हे आता सांगायला नको.

खरे अप्पा दिसतात ते सभेत. कोरमला दोन तृतीयांश किंवा वीस, यांतले जे कमी तितके सभासद लागतात. ते जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि नोटिशीत तसं लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी पुन्हा भरते. तेव्हा कोरम लागत नाही. त्यामुळे दहाची सभा असेल तर अप्पा साडेदहाला येतात, आणि बाकीचे येतच नाहीत. बिल्डर निवडायची सभा वेगळी. निबंधकांचा अधिकारी येतो, व्हिडिओ चित्रीकरण होतं. अमेरिकेतल्या मुलाकडे असलेल्या मावशीही तिकीट काढून येतात आणि अर्धा जिना रेशमी साड्यांत उतरतो.

बिल्डर जागा वाढवून देण्याचा आकडा सांगतो. अप्पा चष्मा पुसतात. "मागच्या गल्लीत याहून दहा टक्के जास्त देताहेत." कार्पेट, एफएसआय, टीडीआर, कॉर्पस, ट्रान्झिटचं भाडं, एकेक शब्द ते पारखून टाकतात. तीन बिल्डर असे परत गेले. २०१९ च्या शासन निर्णयाने एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरेशी ठरवली. हे ५१ टक्के जमत आले की अप्पा उरलेल्या ४९ मध्ये जाऊन बसतात. इमारत पाडायची घाई कुणाला असेल तर ती अप्पांना, आणि ती पडू देत नाहीत तेही अप्पाच.

शिवाय जमीन अजून मूळ बिल्डरच्याच नावावर. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे त्याने ती सोसायटीच्या नावावर करून द्यायला हवी होती. बिल्डर देवाघरी गेला आणि मुलगे कोर्टात. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट खुली केली, म्हणजे बिल्डरशिवायही हे काम होऊ शकतं. सेक्रेटरींनी वकिलाच्या फीचा विषय काढला, तेव्हा अप्पांनी तोही निकालात काढला. "नवा बिल्डर करून देईल की."

इमारत पडेल तेव्हा पडेल, तपासणी तोवर थांबत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करावं लागतं. मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब खाली स्थैर्याचा दाखलाही लागतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. यंदा नोटीस आली की दहालाच जा आणि शेवटचा ऑडिट अहवाल मागून घ्या. अप्पा "कशाला?" म्हणतील. त्यांना सभेनंतर त्यांच्याच बाथरूममध्ये घेऊन जा आणि वर बघायला सांगा.