जुनी होडी विक्रीस काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

कोकण किनाऱ्यावर वापरलेली फायबरची होडी विकायला उत्तम काळ म्हणजे पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात, आणि खवळलेल्या समुद्रामुळे "एकदा पाण्यात घालून दाखवा" असे कोणी म्हणू शकत नाही. होडीच्या पोटात पाणी दिसलेच, तर ते पावसाचे असते.

आधी साफसफाई. तळाचे शिंपले खरवडावेत. तुटके गळ, जाळ्याच्या चिंध्या आणि विड्यांची थोटके काढावीत. वासाला मात्र इलाज नाही. वर्षानुवर्षे बांगडा वाहिलेली होडी साबणाला दाद देत नाही. गिऱ्हाईक मच्छीमार असेल तर हा वास अनुभवाचा दाखला ठरतो. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी घेणारा असेल तर त्याला वारा येतो त्या बाजूला उभे करावे.

मग रंग. रंगाने होडी शोभते आणि डागडुजी झाकते, असा विक्रेत्यांचा समज आहे. जाणता तांडेल रंगाकडे पाहतच नाही. खिशातले नाणे काढून तो नाळेपासून मागपर्यंत ठोकत जातो. टणक आवाज आला की पुढे सरकतो, बद्द आला की थांबतो, कारण तिथे फायबरचे थर सुटलेले असतात. विक्रेत्याला चहाची आठवण व्हावी ती याच क्षणी.

आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून आतले मीठ धुऊन काढावे. हे मात्र खरोखरच करावे. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवण्याचीही चाल आहे, म्हणजे ते पहिल्याच दोरीला सुरू होते. म्हणूनच मुरलेले गिऱ्हाईक रामराम करण्याआधी इंजिनाला हात लावून पाहते.

किंमत नांगर, वल्ही, जाळी धरून सांगावी. सौदा ठरता ठरता जाळी भावाची निघतात.

शेवटी कागद : नोंदणी, मासेमारी परवाना, विमा असल्यास तोही. होडीवरचा नोंदणी क्रमांक नव्या रंगाखाली बुजवू नये. तो कागदाशी ताडून पाहिला जातो. पैसे मिळाले म्हणून विक्रेत्याने लगेच पाठ फिरवू नये. मत्स्यव्यवसाय खात्याच्या दप्तरी नाव बदलेपर्यंत होडी जुन्याच मालकाची असते.