चोळांच्या गावात पांडियन

बँकेत बढती कधी एकटी येत नाही, बदलीला कडेवर घेऊनच येते. माझ्या बदलीचं गाव तंजावर निघालं तेव्हा घरात जी रडारड व्हायला हवी होती ती झालीच नाही, कारण आमच्या नातेवाइकांनी तंजावर आधीच ताब्यात घेतलं होतं. "अरे, आपलंच आहे ते!" थोरले काका फोनवर म्हणाले. सातबारा त्यांच्याच कपाटात असावा असा सूर. मग शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, १८५५ पर्यंत टिकलेलं भोसल्यांचं राज्य, सरस्वती महाल ग्रंथालय, सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरून घेतलेला घराण्याचा मराठी इतिहास, असं सगळं त्यांनी एका दमात ऐकवलं. मावशीने त्यात सांबाराची भर घातली. आमसुलं संपली म्हणून संभाजीराजांसाठी आमटीत चिंच घातली, तेच सांबार. या गोष्टीला पुरावा नाही, पण मावशीकडे पुरावा मागायची आमच्यात पद्धत नाही.

एक बारीकशी गोष्ट काकांच्या नजरेतून सुटली होती. ते देऊळ राजराज चोळाने १०१० साली पुरं केलं. आपण आठशे वर्षांनी जाऊन त्याच्या भिंतीवर लिहून आलो. हल्ली यासाठी दंड होतो.

चेन्नईला सेंट्रलवर उतरून, सामानासकट एग्मोर गाठून, रात्रीच्या गाडीने आम्ही 'आपल्या' गावात पोचलो. शाखेत पहिला प्रश्न आला तो माझ्या आडनावाचा. तमिळ माणसाचं आडनावाशिवाय उत्तम चालतं. वडिलांच्या नावाचं एक अक्षर, पुढे स्वतःचं नाव, संपलं. आणि तमिळ लिपीत क, ख, ग, घ मिळून अक्षर एकच, त्यामुळे दारावरच्या पाटीवर घाटपांडे चढले ते 'काट्पाण्डे' होऊन. वेल्लूरजवळ काटपाडी नावाचं मोठं जंक्शन आहे. काही खातेदार मला तिकडचाच समजून गाड्यांची चौकशी करू लागले. शेवटी आमच्या शिपायाने यातून मार्ग काढला. त्याने पुढचं 'काट' उडवलं आणि शेपटाला तमिळ वळण दिलं. तेव्हापासून मी 'पांडियन सार'. तेराव्या शतकात पांड्यांनी येऊन चोळांचं तंजावर जाळलं होतं, हे पाहता माझं स्वागत फारच प्रेमाने झालं म्हणायचं.

काम तेच असेल अशी माझी समजूत होती. सातबाऱ्याच्या जागी इथे पट्टा, चिट्टा आणि अडंगल असतात. अडंगल हे नाव ऐकून मराठी माणूस मनाची तयारी करूनच बसतो. पण खरा कारभार चालतो सोन्यावर. मेट्टूरचं धरण उघडायची ठरलेली तारीख १२ जून. कावेरीचं पाणी सुटायचा सुमार आला की कुरुवै भाताच्या पेरणीसाठी गावोगावचं सोनं आमच्या तिजोरीकडे निघतं.

ते तपासायला बँकेचा सोनार कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतो. दागिना हातात घेऊन तो आधी वजन केल्यासारखा नुसता हलवतो. मग काळ्या कसोटीवर एक रेघ ओढतो, तिच्यावर आम्लाचा थेंब टाकतो आणि रेघ फिकी पडते का ते बघत बसतो. त्या अर्ध्या मिनिटात शाखेतला पंखासुद्धा हळू फिरतो असं मला वाटतं. खडे आणि लाख यांचं वजन वजा करून तो एक आकडा कागदावर लिहितो. तोंडाने एक शब्द नाही. समोरची बाई मात्र बोलत असते. हा हार आईचा, ही बांगडी थोरलीच्या लग्नातली, ती मागच्या वर्षी इथेच होती. "तिला तुमची तिजोरी सवयीची आहे सार," असं एकीने मला सांगितलं. तालीची, म्हणजे इकडच्या मंगळसूत्राची, साखळी गहाण टाकायची वेळ आली तर बायका आधी हळदीचा पिवळा दोरा गळ्यात बांधतात आणि मगच साखळी उतरवतात. घरात लग्न निघालं की हेच दागिने सोडवून नेतात, मांडवात मिरवतात आणि सोमवारी परत आणतात. लग्नाच्या फोटोत मला नवरानवरी अनोळखी वाटतात, दागिने ओळखीचे.

दागिने आणायची-न्यायचीही एक वेळ असते. पांडियन सार शाखाधिकारी असले तरी शाखा चालते राहुकाळावर. शुक्रवारी हा काळ साडेदहा ते बारा. या दीड तासात कोणी नवं खातं उघडत नाही, कर्जाची रक्कम उचलत नाही. मुख्य कार्यालयातून नेमका त्याच वेळी फोन येतो, आज व्यवसाय कमी का दिसतो? बाराला एक मिनिट असताना मी पाणी पिऊन घेतो. बारा वाजले की दारातून जी रेटारेटी होते ती आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात शोभली असती.

घरच्या आघाडीवर बायकोने पहाटे उठून दारात ठिपक्यांची रांगोळी काढली. घरमालकीणबाईंनी कौतुकाने पाहिली आणि पांढरी पूड चिमटीत चोळून विचारलं, "ही दगडाची? मग मुंग्यांनी काय खायचं?" इकडचं कोलम तांदळाच्या पिठाचं असतं. तेव्हापासून आमच्या घरात तांदूळ दोन हिशेबांनी येतो, एक आमचा आणि एक मुंग्यांचा. त्यांचा जास्त लागतो.

या सगळ्यात काकांचं 'आपलं' तंजावर मला भेटलं ते नोव्हेंबरात. पेन्शनरांनी हयातीचे दाखले द्यायचा हा महिना. शुक्रवारी अकराच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले, कपाळावर गोपीचंदन, हातात छत्री. पाटीकडे पाहून म्हणाले, "पांडियन? चेहरा तसा दिसत नाही." तेही मराठीत! चाल तमिळ, पण बोलणं मराठी. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या मागोमाग इकडे आले. घरात मराठी बोलतात, देवनागरी वाचता येत नाही, महाराष्ट्र पाहिलेला नाही. "पंढरपुराला जायचं आहे," म्हणाले, "पण तिकडे हिंदी फार बोलावं लागतं म्हणे." मी माझ्या मराठीत त्यांना प्रोसेस समजावून सांगितली, फॉर्मवर साईन कुठे करायची ते दाखवलं. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मराठी येत नसेल तर तमिळमध्ये बोला, मला चालेल."

फॉर्म भरून तयार होता, पेन उघडं होतं. सही मात्र होईना. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"काका," मी म्हटलं, "राहुकाळात तुम्ही हयात नसता का?"

"असतो की," ते म्हणाले. "पण लेखी कशाला द्या?"