टप्पा पडता कामा नये

यशवंतपूर, रविवार

ती. नानांस,
सा. न.

कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्यात, तेवढ्यात लिहिते. चिनूचं बोट मोडलेलं नाही, नुसतं सुजलंय. काल फोनवर किती घाबरलात! आणि मे महिनाभर गॅलरीत लिंबं फेकून त्याला झेलायला कुणी लावलं?

दोष आमच्या सोसायटीचाही आहे म्हणा. पार्किंगमध्ये चेंडू ‘नेण्यास’ मनाई, अशी पाटी लागली. खेळण्यास नव्हे, नेण्यास! खिशात चेंडू घेऊन पोरगं दळण आणायला निघालं तर वॉचमनने अडवलं. मी भांडायला गेले, तेव्हा सेक्रेटरींनी तडजोड काढली: टप्पा पडला तरच दोनशे रुपये दंड. दोनशे! एका टप्प्याचे! तेव्हापासून चिनू चेंडू खाली पडूच देत नाही. बोट सुजलं ते त्यातच.

पार्सल पोचलं. मेतकुटाची पुडी फुटून तुमच्या लाडक्या यष्टिरक्षकाच्या, नरेन ताम्हाण्यांच्या कात्रणावर सांडली. आता त्यांना हिंगाचा वास येतो. त्यांचे हात लोण्यासारखे होते, मान्य. पण 21 कसोट्यांत 51 बळी, आणि आमच्या किरमाणीचे 88 कसोट्यांत 198. (हो, आमच्या, बंगळूरच्या. अकरा वर्षं इथलं भाडं भरतोय.) दोन इंग्लंड दौरे फारुख इंजिनियरच्या मागे बसून काढले, 1976 साली एकदाची संधी मिळाली आणि दुसऱ्याच कसोटीत, क्राइस्टचर्चला, एका डावात सहा बळी. फिरकीपटू चंद्रशेखरचा, म्हणजे चंद्राचा, कुठला चेंडू कुठे जाईल ते चंद्रालाही ठाऊक नसायचं, तो यष्टींमागे झेलायचा! 1983 साली कपिलच्या 175 धावा सगळ्यांना पाठ. दुसऱ्या टोकाला हा 24 नाबाद होता. तुमच्या दुसऱ्या टोकाला आई आहे, तसा.

कसोटीतली त्याची दोन्ही शतकं वानखेडेवरची. 1979चं तर नाइट वॉचमन म्हणून येऊन. त्या दिवशी तुम्ही ऑफिसला दांडी मारून तिथे होतात, हे आईने काल फोडलं. मग इतकी वर्षं नुसते ताम्हाणेच का ऐकवलेत?

बेबीमावशीच्या जावयाने दाढी ठेवली, त्यात रडण्यासारखं काय? जोशीकाकूंनी लिफ्टचे पैसे दिले का? भिंतीवरची माझ्या उंचीची पेन्सिलची रेघ रंगाऱ्याला पुसू देऊ नका. इथे मार्केट यार्डात नाशिकचा कांदा उतरतो. घ्यायचा नसला तरी मी ट्रकवरचं एमएच 15 वाचत उभी राहते.

पाचवी शिट्टी! भाताचा गोळा झाला.

तुमची,
मनू

ता.क. दिवाळीला येताना लिंबं आणू नका, इथे मिळतात. फेकणारा तेवढा आणा.