नोकरी सोडल्याचे काही लाभ

पुण्यातल्या कंपनीत मार्केटिंगला होतो तेव्हा माझ्या डोक्यावर एकच साहेब होता. आता वर्ध्यात घरून ऑनलाइन काम करतो, म्हणजे मीच माझा मालक. साहेब किती, हे मोजणं तेव्हापासून सोडून दिलं आहे.

खरं तर वर्ध्याला पोटापाण्याचं सोडून आलेल्या माणसाचं नवल वाटू नये. जे. सी. कुमारप्पा लंडनला हिशेबतपासनीस झाले, मुंबईत त्यांचा जम बसला होता. ते सोडून ते गांधीजींकडे आले आणि 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांनी वर्ध्यातल्या मगनवाडीतून पाहिला. तेलघाणी, हातकागद, गूळ असले उद्योग. त्यांना कुणी 'मंग सध्या काय करून राहिले?' असं विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. मला पानठेल्यावर रोज विचारतात.

योगायोग असा, की माझंही पोट घाण्यावरच चालतं. मगनवाडीत ज्या तेलघाणीत सुधारणा झाल्या, त्याच जातीच्या लाकडी घाण्याचं तेल आता शहरात चौपट दिमाखात विकलं जातं आणि त्याच्या जाहिराती मी करतो. घाणा विजेवर चालतो, पण बाटलीवर बैल असतो. एका ग्राहक कंपनीला रीलमध्येही बैल हवा होता. सेलूकडे एक देखणा बैल मिळाला. मालकाने शूटिंगआधीच बैलाचे पैसे रोख मोजून घेतले. त्याच रीलचे माझे पैसे अजून 'प्रोसेसमध्ये' आहेत.

लहान उद्योजकाचे पैसे 45 दिवसांच्या आत चुकते करावेत, असा 2006 सालचा कायदा आहे. माझी उद्यम नोंदणीही आहे. मी एकदा ईमेलमध्ये या कायद्याचा नम्र उल्लेख केला. कंपनीने तितक्याच नम्रपणे पुढचं काम दुसऱ्याला दिलं. पैसे येतात तेव्हा त्यातून दहा टक्के कर आधीच कापलेला असतो. एवढ्या दिरंगाईत सरकारचा वाटा तेवढा कुणी विसरत नाही, हे पाहून देशाबद्दल विश्वास वाटतो.

मे महिन्यात इथला पारा 45 च्या वर जातो. कूलर बंद ठेवला तर मी उकडतो आणि चालू ठेवला तर मीटिंगमध्ये माझ्यापेक्षा त्याचाच आवाज जातो. बेंगळुरूच्या एका मॅडमनी हेव्याने विचारलं, "तुमच्याकडे पाऊस पडतोय का?" मी हो म्हणालो. तेव्हापासून त्यांच्या लेखी वर्धा थंड हवेचं ठिकाण आहे. लाइन गेली की कूलर, पंखा आणि वायफाय तिन्ही एकदम जातात. डेडलाइन तेवढी जागची हलत नाही.

शेजारच्या काकू सकाळीच खिडकीतून सांगून जातात, "बापू, गॅसवाला येईन, सिलिंडर घेऊन ठेवजा." गल्लीतल्या झाडून सगळ्या नोकरदारांची पार्सलं माझ्या हॉलमध्ये उतरतात. कुरिअरवाला आता नाव-पत्ता पाहत नाही, सरळ माझ्याच दारात गाडी लावतो. मोबाइलवर बोलत दार उघडलं की तो समंजसपणे म्हणतो, "बोला, बोला भाऊ, तुम्हाले का घाई आहे."

गृहकर्जासाठी बँकेत गेलो, तर साहेबांनी सॅलरी स्लिप मागितली. मी आयकर विवरणपत्रं पुढे केली. त्यांनी ती चाळली, आकडा नोकरीतल्या पगारापेक्षा मोठा आहे हे मान्य केलं आणि विचारलं, "पण हे दर महिन्याला नक्की मिळतं का?" मी नोकरी सोडल्यानंतर वर्षभरात पुण्याच्या त्या कंपनीने निम्म्या विभागाला नारळ दिला. त्या सगळ्यांकडे सॅलरी स्लिपा होत्या.

परवा मागच्या गल्लीतले एक काकाजी त्यांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा पुण्यात आहे, त्याला नोकरी सोडून माझ्यासारखं काही करायचं आहे. "याले जरा समजावून सांगा, तुम्ही भोगून बसले," काकाजी म्हणाले. मी दीड तास समजावलं; बैलापासून बँकेपर्यंत सगळं सांगितलं. मुलाने राजीनाम्याचा विचार सोडला. या जिल्ह्यात माझ्या कामावर इतकं खूश झालेलं गिऱ्हाईक दुसरं नाही, म्हणून मी सल्ल्याच्या फीचा विषय हळूच काढून पाहिला.

काकाजी चपला घालत म्हणाले, "फी कायची? तुम्ही तं घरीच होते ना."