पंख्याचे बटण कोणते?

यूएक्स (म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाचे) डिझाइन शिकवणारे आव्हान रचणे हे प्रश्नपत्रिका काढण्यापेक्षा अवघड काम आहे, असे ते रचणाऱ्यांचे मत असते. इतरांचे मत अद्याप कोणी विचारलेले नाही. गरज मात्र खरी आहे. लक्ष्य जितके लहान आणि लांब, तितका तिथे पोचायला वेळ जास्त, हा मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्सचा 1954 सालचा नियम विद्यार्थी वर्गात घडाघडा म्हणतो आणि संध्याकाळी ‘पैसे भरा’च्या अंगाला ‘रद्द करा’चे बटण चिकटवून मोकळा होतो. म्हणून पाठांतराऐवजी हाताला काम द्यायचे.

‘मुद्दाम वाईट करा’ हे आव्हान सर्वांत रंगते. 2017 साली रेडिटवर प्रोग्रामर मंडळींनी आवाज कमीजास्त करण्याच्या वाईटात वाईट तऱ्हा शोधल्या. एकीत तर आवाज गोफणीने भिरकावायचा. पडेल तिथे थांबेल. बेल्जियमच्या बगार कंपनीने 2019 मध्ये ‘यूजर इनयरफेस’ नावाचा असाच एक छळवादी फॉर्म काढला. त्यात पहिल्याच पानावरचे सर्वांत ठसठशीत बटण पुढे नेत नाही. यातून विद्यार्थी हसत हसत शिकतो. क्वचित नुसताच हसतो.

दुसरे आव्हान जुळणीचे. बटण आणि त्याने चालणारी वस्तू यांची जुळणी समजावताना डिझाइनतज्ज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 च्या आपल्या पुस्तकात शेगडीच्या चाव्यांचे उदाहरण घेतले. मराठी घरात शेगडीपर्यंत जावे लागत नाही, हॉलमधला स्विचबोर्ड पुरतो. एका रांगेत सारख्याच चेहऱ्याची बटणे. ट्यूब, पंखा, नाइट लॅम्प, जिन्यातला दिवा, आणि एक असे की जे कशाचेच नाही, पण काढायची कोणाची छाती होत नाही. पाहुणा घामाघूम होऊन एकेक दाबत जातो. स्वयंपाकघरातून आवाज येतो, “अहो ते नाही, त्याच्या शेजारचं! आता टीव्ही घालवलात!” क्रम ठरलेला असतो तो वायरमनच्या हाताला कोणती वायर आधी लागली त्यावरून. मग कधीतरी घरातल्या काकू पंख्याच्या बटणावर लाल टिकली चिकटवतात. खर्च नगण्य, प्रशिक्षण शून्य, पाहुणा गार. हा बोर्ड कागदावर नव्याने मांडायला द्यावा. अट एवढीच की बटणांवर एक अक्षरही लिहायचे नाही. विद्यार्थी खोलीचा नकाशा काढतात, बटणांचे आकार बदलतात, एखादा मोबाइल ॲप सुचवतो. त्याला काकूंकडे पाठवावे.

यानंतर अनोळखी माणसाकडून चाचणी. पाच जण पाहिले तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात, असे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 2000 साली मांडले. रचणाऱ्याने त्या वेळी गप्प बसायचे असते आणि नेमके तेच होत नाही. ज्याच्या सूचनाच चार पानी, त्याची जीभ कशी आवरणार? प्रस्तुत लेखक या जमातीचा मानकरी सभासद असून स्वतःच्या सूचनांना तो ‘स्वयंस्पष्ट’ म्हणतो.

चाचणीत निवृत्त शिक्षक बसले की विनोद संपतो. ओटीपी येतो, तो बघायला ते मेसेज उघडतात, परत येईपर्यंत बँकेचे पान ‘वेळ संपली’ म्हणून मिटलेले असते. दुसऱ्यांदाही तेच. “माझंच चुकतंय रे, आता डोकं चालत नाही,” असे ते समोरच्या पोराला ओशाळून सांगतात. ज्या माणसाने आयुष्यभर अख्ख्या शाळेचे वेळापत्रक एका कागदावर बसवले, त्याने दोन मिनिटांत स्वतःला नालायक ठरवलेले असते. आणि पोरगा वहीत लिहितो : ‘वापरकर्ता तंत्रस्नेही नाही’. ही ओळ खोडायला लावणे, एवढ्यासाठीही अशी आव्हाने रचण्याचा खटाटोप करावा.

गुणपत्रिकेत तेव्हा एकच रकाना पुरे : वापरणारा ‘माझंच चुकलं’ असे किती वेळा म्हणाला. तो आकडा शून्यावर येईपर्यंत विद्यार्थ्याला पास करू नये. आव्हान रचणाऱ्याला तर मुळीच नाही.